कोरी वही

कृष्णाकाठच्या एका वृद्धाश्रमात पाहुणे आले की विश्वस्त अण्णा त्यांना एक वही आवर्जून दाखवत. वर लिहिलेलं ‘अपघात नोंद’, आत पानं कोरी. “वर्षभरात आमच्याकडे कुणी पडलं नाही,” असं ते अभिमानानं सांगत. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापर्यंत तसंच पोचत होतं. पूर्वी एक आजोबा पडले तेव्हा रात्रपाळीच्या मावशींचा पगार कापला होता. तेव्हापासून आश्रमात कुणी पडेनासंच झालं. मांडीवर काळंनिळं दिसलं, तर कॉटचा कोपरा लागलेला असे.

मग व्यवस्थापक म्हणून नव्या ताई आल्या. सगळ्या मावशींना बसवून त्या म्हणाल्या, “कुणी पडलं, पडता पडता सावरलं, लागलं नाही, तरी लिहायचं. कुठे, किती वाजता, पायात काय होतं, आधी कुठली गोळी दिली. पगार कापायची वेळ आली तर माझा कापतील.”

तीन महिन्यांत पानंच्या पानं भरली. अण्णा हादरले. “ताई, हे देणगीदारांच्या हाती पडलं तर?”

ताईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. बहुतेक नोंदी पहाटे दोन ते पाचच्या, कॉट ते संडास या वाटेवरच्या. त्यातल्या कितीतरी जणांना लघवी वाढवणारी बीपीची गोळी रात्री मिळत होती, कारण सगळ्या गोळ्या एकदम वाटणं सोयीचं होतं. डॉक्टरांना विचारून ती सकाळी दिली जाऊ लागली. वाटेवर रात्रीचे दिवे लागले, सैल सपाता गेल्या. कमोडशेजारी टॉवेलचा दांडा होता, तो धरला की हातात येई. तिथे भिंतीत पक्का दांडा बसला. पडणं कमी झालं, थांबलं नाही. म्हातारपणी तोल जातोच. पडू नये म्हणून माणसाला कॉटला बांधून ठेवणं हाही एक उपाय असतो, आणि तसं करणाऱ्यांची वही कोरी राहते. त्या कोरेपणाची मला भीती वाटते.

अण्णांना हिशेब पटला, तरी वही कपाटात गेली.

पुढे एका रात्री जेवणं उरकल्यावर मावशी धावत आल्या. “ताई, चूक झाली. आजोबांची साखरेची गोळी शेजारच्या खोलीतल्या आजींना गेली.” आजींना मधुमेह नव्हता. त्या चांगल्या जाग्या होत्या, बोलत होत्या. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला, सांगितल्याप्रमाणे साखरपाणी पाजलं आणि रिक्षा बोलावली. रुग्णालयात पोचल्यावर साखर ठीक निघाली, मध्यरात्रीनंतर मात्र दोनदा खाली गेली. ही गोळी तासन् तास साखर ओढत राहते. डॉक्टर अण्णांना म्हणाले, “तुमच्याकडे असत्या तर झोपेतच शुद्ध हरपली असती. झोपल्यात म्हणून कुणी उठवलंही नसतं.”

आजी तिसऱ्या दिवशी परतल्या. अण्णांनी मावशींना बोलावलं. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

“लपवता आलं असतं. सांगितलंत कसं?”

“ताईंच्या वहीत आतापर्यंत किती लिहिलं, अण्णा. कुणाच्या पोटावर पाय आला नाही.”

“गोळी चुकली कशी?”

“डबे सारखेच. नावं पुसट झालेली. औषधाच्या कपाटावरचा दिवा गेलाय, अंधारात वाचता येत नाही.”

दुपारीच डब्यांवर ठळक नावं आणि ज्याचे त्याचे फोटो लागले. अण्णांनी कपाटातून वही काढली, त्या रात्रीची नोंद शोधली आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘दिवा दोन महिने बंद. बदलण्याचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता.’ खाली सही केली आणि वायरमनला फोन लावला.