देहातील सूर्य आणि चंद्र

हृदयात नाण्याएवढा तांबडा सूर्य आहे, त्याला नऊ किरणे आहेत, ती किरणे कंठातून वर चढून दातांपर्यंत येतात आणि तेथून परतून जठरात उतरतात, असे ध्यान साधकाने डोळे अर्धोन्मीलित ठेवून करावे. हृदय व जठर ही दोन्ही अंतर्दृष्टीला स्पष्ट दिसू लागली म्हणजे श्वास सोडावा, आणि मुखात साठलेली लाळ 39 वेळा गिळावी. हा विधी दिवसातून तीनदा, सूर्योदयी, न्याहारीच्या वेळी आणि माध्यान्ही करावयाचा. रात्री मस्तकात दहा किरणांचा शुभ्र चंद्र पाहावयाचा. एका वर्षाने व्याधी नष्ट होतात, पाच वर्षांनी अंगावर तेज चढते, आणि 18 वर्षांनी साधक अशा पदाला पोचतो, की भर दुपारच्या उन्हातही त्याची सावली पडत नाही, असे फल सांगितले आहे.

हा विधी ताओपंथाच्या शांगछिंग परंपरेतील आहे. उत्तर चीन परकीयांच्या अमलाखाली गेल्यावर जिन घराण्याचा दरबार 317 च्या सुमारास दक्षिणेत, आजच्या नानजिंगच्या जागी, येऊन वसला; उत्तरेकडून आलेल्या घराण्यांनी मोठमोठे हुद्दे बळकावले आणि दक्षिणेतील जुनी खानदाने बाजूला पडली. अशाच एका घराण्यातील अधिकारी श्यू मी आणि त्याचा पुत्र श्यू हुइ यांच्या आश्रयाला असलेल्या यांग शी नावाच्या द्रष्ट्याला 364 पासून 370 पर्यंत रात्री दिव्य सिद्धांची दर्शने होत, आणि त्यांनी सांगितलेले तो सुंदर अक्षरात लिहून ठेवी. त्या सिद्धांमध्ये त्याची प्रमुख गुरू म्हणजे तीस वर्षांपूर्वी निवर्तलेली वेइ ह्वात्सुन ही स्त्री होती, याचे मला विशेष महत्त्व वाटते. ज्यांच्या वाट्याला इहलोकीचा कारभार आला नाही, त्यांना स्वर्गातील दफ्तरात आपले नाव मृत्यूच्या नोंदवहीतून काढून जीवनाच्या नोंदवहीत चढविण्याची आशा लागावी, हे स्वाभाविकच होते. परंतु एवढ्या ऐतिहासिक कारणाने या ग्रंथांचा उलगडा झाला असे जो मानील, त्याने त्यांतील खरा प्रश्न वाचलाच नाही.

तो प्रश्न असा की, अंतर्दृष्टीला दिसणारा सूर्य खरा की खोटा? आपण कल्पनेला सत्याची धाकटी बहीण समजतो. शांगछिंगच्या साधकाला हा भेद मान्य नव्हता. त्याच्या मते देह हा देवतांचे निवासस्थान आहे. प्रत्येक इंद्रियाचा अधिष्ठाता देव नाव, वर्ण आणि वेष यांसह ठरलेला आहे, आणि चित्त त्यांच्यावर स्थिर राहील तोवरच ते देहात राहतात. लक्ष ढळले की ते निघून जातात, आणि त्यांचे जाणे म्हणजेच मरण. गुरू ग्रहाचा संबंध यकृताशी, मंगळाचा हृदयाशी, शनीचा प्लीहेशी, शुक्राचा फुप्फुसांशी आणि बुधाचा मूत्रपिंडांशी जोडलेला असल्यामुळे ग्रहाचे ध्यान आणि अवयवाचे संगोपन ही दोन वेगळी कर्मे उरत नाहीत. सप्तर्षींची आकृती भूमीवर मांडून साधक तिच्या तारकांवरून पावले टाकी, आणि सातांखेरीज आणखी दोन अदृश्य तारका आहेत असे मानी.

यावर कोणी म्हणेल की ही सारी मनोराज्ये होत. मनोराज्य मात्र मनाला वाटेल तिकडे धावते. येथे रंग, किरणांची संख्या, वेळ आणि गिळण्याची गणतीही नेमून दिलेली आहे. ज्या कल्पनेने अठरा वर्षे एक नियम पाळावयाचा, तिला मी स्वैर म्हणणार नाही. शिवाय ही साधना एकट्याच्या सुखासाठी नव्हती. या परंपरेच्या मुख्य ग्रंथाच्या पठणाने सात पिढ्यांच्या पूर्वजांचीही मुक्तता होते, अशी श्रद्धा होती.

देहाला कारागृह मानून त्यातून सुटण्याची वाट दाखविणारी दर्शने जगात पुष्कळ आहेत. या ग्रंथांनी मात्र देहालाच आकाशाची योग्यता दिली. पिंडी ते ब्रह्मांडी हे आपल्या नाथपंथीयांचे सूत्र येथे आठवल्याशिवाय राहत नाही; तरी हठयोगात मस्तकातील चंद्राचे अमृत नाभीतला सूर्य ग्रासतो म्हणून त्याला आवरावयाचे असते, आणि शांगछिंगमध्ये दोघेही साधकाचे अन्नच आहेत. हा भेद लहान नाही.

श्यू हुइ संसार सोडून माओ पर्वतावर गेला आणि तिशीच्या आसपास निवर्तला. विखुरलेली हस्तलिखिते पुढे ताओ होंगजिंग या विद्वानाने अक्षराची पारख करून गोळा केली, आणि 499 च्या सुमारास ‘झेनगाओ’ या ग्रंथात संकलित केली. 1445 मध्ये छापलेल्या ताओपंथी ग्रंथसंग्रहात ती समाविष्ट झाली. नाथ वाङ्मयाच्या आपल्या अभ्यासकांनी हे ग्रंथ, कोणी कोणापासून घेतले या वादात न पडता, एकदा शेजारी ठेवून वाचावेत.