निराधार कोणाला म्हणायचे?



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एका भगिनीशी बोलत उभा होतो. तिचा मुलगा आता चांगला तरुण आहे, पण त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, घासही भरवावा लागतो. ती घरी विड्या वळते, म्हणजे हात विडीवर आणि डोळे मुलावर. मी सहज विचारले, "त्याचा संजय गांधीचा फॉर्म भरला का?" ती म्हणाली, "भाऊ, त्या योजनेचं नावच निराधार. मी जिवंत असताना माझ्या पोराला निराधार लिहून देऊ?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येईपर्यंत तिचे वाक्य डोक्यात घोळत राहिले.

ही योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. २०१९ च्या आधी बरीच वर्षे महिना ६०० रुपये मिळत. मग १०००, २०२३ मध्ये १५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २५००. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा सरकारी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत याचाही दाखला. आपल्यातील काहीजण हे सारे करतात. काहीजण लाजेपोटी करत नाहीत, आणि त्या लाजेला आपण 'श्रद्धा' म्हणतो. देवाने दिले आहे, तोच बघेल, सरकारपुढे हात कशाला पसरायचा, असे मीही पूर्वी म्हणत असे.

पण हात पसरणे आणि आपले मागून घेणे यांत फरक आहे. ती बहीण रोज साबण, तेल, औषध विकत घेते तेव्हा सरकारी तिजोरीत तिचाही कर जातो. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की इतरांसाठी अशाच ज्या योजना असतील, त्यांपेक्षा दिव्यांगांचे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे. हे अधिकचे का, ते तिच्या घरी तासभर बसलात तर कळेल. तुम्ही-आम्ही सिव्हिलला सिटी बसने जातो, तिला रिक्षा करावी लागते. त्या दिवशीच्या विड्या होत नाहीत, म्हणजे मजुरीही बुडते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच मांडले आहे : सारखाच रुपया अपंग माणसाच्या हातात सारखे जगणे देत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात बजावले आहे की, न्यायाने जे देणे लागते ते आधी द्यावे, ते दान म्हणून पुढे करू नये.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात मफीबोशेथची हकिगत आहे. योनाथानचा हा मुलगा पाच वर्षांचा असताना, शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली, दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजाने त्याला शोधून आणले तेव्हा दोन गोष्टी केल्या. आजोबा शौलची जमीन परत दिली, आणि आपल्या पंगतीला बसवले. जमीन त्याच्या घराण्याचीच होती. ती परत करणे हा न्याय. पंगत मात्र दाविदाने योनाथानवरील प्रेमापोटी दिली. मला वाटते, शासन पहिली गोष्ट करू शकते, दुसरी नाही. खात्यात पैसे जमा होतील, पण लग्नाच्या जेवणाला त्या मुलाला कोण बोलावते? आपण आमंत्रण देतो ते आईला, आणि 'त्याला कुठे ठेवशील?' असे वर विचारतो.

याच हकिगतीचा पुढचा भाग आपण फारसा वाचत नाही. जमीन कसायला सीबा नावाचा सेवक नेमला होता. दाविदावर संकट आले तेव्हा सीबा एकटाच गाढवे घेऊन भेटला आणि धन्याविरुद्ध खोटे सांगितले. दाविदाने चौकशी न करता सारी जमीन त्याला देऊन टाकली. नंतर मफीबोशेथ येऊन म्हणाला की मी लंगडा, मला गाढवावर बसून यायचे होते, सेवकाने फसवले. तरी राजाने जमिनीची वाटणीच केली. आजही दाखल्यासाठी पैसे उकळणारे सीबा आहेत, आणि कागद अपुरा म्हणून नाव कापणारेही आहेत.

आता अवघड प्रश्न. या योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा कित्येक वर्षे वर्षाला २१ हजार रुपये राहिली, म्हणजे कुटुंबाचे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. दिव्यांगांना त्यात सवलत आहे, पण तीही फार नाही. राबणारे घर या मर्यादेत कसे बसायचे? मग कोणी म्हणते, उत्पन्न कमी दाखवा, सगळेच दाखवतात. मला हे पटत नाही, आणि असे सांगताना माझे पोट भरलेले आहे याचीही मला जाणीव आहे. धडधाकट माणूस अपंगत्वाचा खोटा दाखला काढतो ती उघड चोरी आहे. २०२४ मध्ये पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर वाद झाला, आणि त्यानंतर खऱ्या दिव्यांगाकडेही लोक संशयाने पाहू लागले. विडी वळणाऱ्या आईने काही हजार कमी लिहिले तर मी तिला त्याच मापाने मोजणार नाही. तरी तिला खोट्यावर सही करायला लावणारी मर्यादा बदला, असे लिहून द्यायला आपण एकत्र का जात नाही? पापनिवेदनाला ती एकटी येते; मर्यादा ठरवणारे आणि गप्प बसणारे आपण येत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्या घरी जाऊन आलो. म्हटले, "निराधार हा शब्द सरकारचा आहे, तुमचा नाही. आधार तुम्हीच आहात, पण तुमच्या पाठीमागे काय?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तेच रात्री झोपू देत नाही." फॉर्म तिने ठेवून घेतला आहे. आधी सिव्हिलमध्ये तपासणी व्हायची आहे. मुलगा अंगाने भरला आहे, त्याला उचलून रिक्षात बसवायला आणि तिथे उतरवायला दोन माणसे लागतात. एक मी आहे. दुसऱ्याने मिस्सानंतर मला दाराशी भेटावे.