ठोका दाबू नये, कारण शोधावे

कोकणातून ताम्हिणीचा घाट चढून पौडाकडे येणारी ओझ्याची पिकप ठकठक करू लागते, तेव्हा पुष्कळ चालक कानाडोळा करितात. हा आवाज कशाचा, ह्याचा आपण विचार करू.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने लागलेली ज्वाला क्रमाने पसरावयाची असते. परंतु उष्णतेने व दाबाने उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटले, म्हणजे ठोका ऐकू येतो. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, साचलेला कार्बन, फार लवकर पडणारी ठिणगी व तापलेले इंजिन ही त्याची कारणे होत. दुर्लक्ष केल्यास पिस्टनास भोकही पडते.

इ. स. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली ह्यांनी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळून हा आवाज बंद केला. ठोका थांबला, पण ते विष धुरावाटे लेकरांच्या रक्तात गेले. असे पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले, आणि मोटारींसाठी सर्व जगात २०२१ साली.

सद्सद्विवेकबुद्धीचा ठोकाही असाच आहे. दारूने, सबबींनी अथवा मोठ्या आवाजातील प्रार्थनेनेही आम्ही तो दाबू पाहतो, आणि ते विष घरातील लेकरे भोगितात. दावीद राजाने अपराध झाकून ठेविला. नाथानाने तो उघड केला, तेव्हाच त्यास क्षमेची वाट सापडली.

म्हणून चढणीवर ठोका आला, तर खालचा गियर घालावा, ओझे कमी करावे, आणि मुक्कामी पोहोचताच कारण शोधावे. अंतःकरणाविषयीही आपण तसेच करू या.