दारुकावन कोठे आहे?

औंढा येथे श्रीनागनाथाच्या दर्शनास येणारे भाविक एक प्रश्न वारंवार विचारतात : "द्वारकेजवळच्या नागेश्वराचे दर्शन आम्ही घेतले आहे. मग खरे ज्योतिर्लिंग ते की हे?" उत्तरेकडील यात्रेकरू अल्मोड्याजवळच्या जागेश्वराचेही नाव घेतात. बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा पुरी व्हावी म्हणून उतारवयात घराबाहेर पडलेल्या माणसास ही शंका लहान वाटत नाही. "श्रद्धा असली म्हणजे झाले" एवढे सांगून त्यास वाटेला लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत नागेशाचे स्थान दारुकावन असे दिले आहे. हे वन पश्चिम समुद्राच्या तीरी होते, असे पुराण म्हणते. या वर्णनाशी द्वारकेचा परिसर जुळतो. औंढा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. उलटपक्षी, आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या द्वादशज्योतिर्लिंगस्तोत्रात नागनाथ दक्षिणेकडील एका रम्य नगरात असल्याचा निर्देश आहे. तो औंढ्यास अनुकूल आहे, द्वारकेस नाही. जागेश्वराचा आधार निराळाच. 'दारु' म्हणजे देवदार, आणि ते स्थान देवदारांच्या दाट वनातच वसले आहे.

परंतु नकाशावर बोट ठेवण्यापूर्वी पुराणातील कथा पुरती वाचावी. दारुका राक्षसीस पार्वतीचा वर होता, की ती जाईल तेथे ते वनही तिच्यासोबत जाईल! पृथ्वीवर प्राण्यांस पीडा देणारे राक्षस नष्ट होतील असा शाप और्व ऋषींनी दिला, तेव्हा दारुकेने ते अख्खे वन उचलून समुद्रात नेले. पुढे नावांतून जाणारे लोक राक्षसांनी धरून बंदिवासात टाकले. त्यांत सुप्रिय नावाचा एक शिवभक्त वैश्य होता. त्याने कारागृहातच शिवपूजन मांडले, सोबतच्या बंदिवानांसही ते शिकविले, आणि भगवान शंकर तेथेच प्रकट झाले. ज्या वनास ग्रंथकारानेच एका जागी राहू दिले नाही, त्याच्या चतुःसीमा आपण कशा आखाव्यात? तीनही स्थानांची परंपरा आपापल्या आधारावर उभी आहे. त्यांपैकी एकीस खोटी ठरविण्याइतका पुरावा दुसरीकडे नाही, असे आमचे मत आहे.

औंढ्याची स्वतःची साक्ष निराळी आहे. यादवकालीन शिल्पकाम, अरुंद पायऱ्या उतरून जावे लागणारे तळघरातील गर्भगृह, आणि संत नामदेव व त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या भेटीची परंपरा येथे आहे. नामदेवांस कीर्तनासाठी देवळामागे जावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका सांगतात. म्हणून येथे नंदी समोर शोधू नये. दर्शन झाल्यावर प्रदक्षिणा करताना तो मंदिराच्या मागील बाजूस दिसेल.