काळी, पांढरी आणि गायतोंडे

सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या जळगाव जामोदच्या शिवारात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि दिवाळीच्या सुमारास तिच्यावरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या पांढऱ्या होतात. जुन्या गावगाड्यात शेतजमिनीला ‘काळी’ म्हणत आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’. दोन्ही मिळून गाव.

शाळेत मात्र मी वेगळं शिकलो. काळा फळा ही जागा आणि खडू हे म्हणणं. वहीत पांढरा कागद ही जागा आणि शाई हे म्हणणं. रंग उलटले तरी रीत तीच राहिली, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने नुसतं अंथरून राहायचं. ही समजूत मोडली ती वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांनी.

१९२४ साली नागपुरात जन्मलेले गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले, तेव्हा त्यांना चित्रकार पाउल क्लीच्या रेषेची ओढ होती. १९५०च्या दशकाअखेर त्यांच्या चित्रांतून आकृती गळत गेली. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मानवत नसे. आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे, असं ते मानत. रोलरने आणि सुरीने ते तैलरंगाचे थर चढवत, काही उतरवत. त्या उतरवण्यातून कॅनव्हासला आतला उजेड मिळे.

१९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रं केली. कुठल्याशा न वाचता येणाऱ्या लिपीसारखी ती दिसतात. हे सगळं अपघाताने घडवलं, असं म्हणणं सोपं आहे. पण संयम आणि झेनची ओढ त्यांच्यात आधीपासूनच होती. बदललं ते साहित्य. तैलरंग खरवडून काढता येतो, शाई येत नाही. ती पडली की तिथला कागद गेला. म्हणजे पांढरं नंतर मिळवता येत नाही, आधीच राखावं लागतं. कॅनव्हासवर जो उजेड काढून मिळत होता, तो इथे सोडून मिळवायचा होता.

तेव्हा मला पांढरीचा अर्थ नव्याने लागला. पांढरीची माती मुळात रिकामी नसते. चुलींची राख, पडलेल्या भिंती, पिढ्यान्‌पिढ्यांचं राहणं तिच्यात मुरलेलं असतं. म्हणून तर पुरातत्त्वाचे अभ्यासक पांढरीची टेकाडं शोधत फिरतात. नांगर फिरतो तो काळीत. नांदत्या वस्तीवर गाढवाचा नांगर फिरवणं ही आपल्याकडे गावाला दिलेली सगळ्यांत कठोर शिक्षा होती.

गायतोंड्यांची शाई मला काळीसारखी वाटते, आणि ती नेमकी कुठे थांबायचं हे जाणते. उरलेल्या कागदावर नांगर फिरलेला नाही. तिथे अजून कुणीतरी राहतं आहे.