झाकल्या जाणाऱ्या कामाचा साक्षीदार

पुलाच्या खांबाचा पाया भरण्याआधी सळयांची जाळी बांधून झालेली असते, काँक्रीटची गाडी येऊन उभी असते आणि कंत्राटदाराच्या माणसाला घाई असते. त्या घाईत सरकारकडून आलेला एक माणूस टेप घेऊन खड्ड्यात उतरतो. सळयांचा व्यास किती, दोन सळयांमधलं अंतर किती, सळयांवर काँक्रीटचं कव्हर किती सुटलंय, खोदाई खरोखर कठीण खडकापर्यंत गेली का, हे तो मोजतो. एकदा काँक्रीट पडलं की या प्रश्नांची उत्तरं आत गाडली जातात. पुढची कित्येक वर्षं त्या पायात काय आहे याचा पुरावा म्हणजे त्या माणसाने मोजमाप पुस्तिकेत केलेली नोंद आणि तिच्याखालची सही. बहुतेक वेळा तो कनिष्ठ अभियंता असतो, आणि पुष्कळदा पदवी घेऊन त्याला दोन-तीन वर्षंही झालेली नसतात.

या पुस्तिकेला सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यांत सगळे ‘एमबी’ म्हणतात. तिच्या पानांना क्रमांक असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, आकडा चुकलाच तर तो वाचता येईल असा छेदून शेजारी सही करायची. कंत्राटदाराचं बिल निघतं ते याच नोंदींवरून. डेप्युटी इंजिनिअर त्यांतली काही मोजमापं स्वतः पुन्हा घेऊन तपासतो, आणि वाद न्यायालयात गेला तर हीच पुस्तिका पुरावा म्हणून पुढे येते. आता ठिकठिकाणी संगणकावरची ई-एमबी आली आहे, पण नियमामागचा विचार जुनाच आहे. स्वतःचं घर बांधणारा मालक रोज संध्याकाळी साइटवर चक्कर मारून येतो. रस्त्याचा, धरणाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेचा मालक मात्र हजारो माणसांत विखुरलेला असतो आणि काम चालू असताना तिथे नसतोच. त्याच्या वतीने कुणीतरी हजर राहावं, पाहिलं ते लिहावं आणि त्याखाली आपलं नाव घालावं, यासाठी सरकारला अभियंता लागतो.

पदवीनंतर सरकारी नोकरी धरावी का, या घराघरातल्या चर्चेत हे काम क्वचितच येतं. आईवडिलांना स्थैर्य हवं असतं; मुलगा किंवा मुलगी ‘क्लास टू’ झाली की नातेवाइकांच्या बोलण्याचा सूर बदलतो. मित्रमंडळी उलट बाजूने बोलतात: तिथे डोकं गंजतं, पगार ठरावीक, बदली कुठे होईल याचा नेम नाही. यातलं बरंच खरं आहे. स्थैर्याचा हिशेबही पूर्वीइतका सरळ उरलेला नाही. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि तिच्यासाठी पुढे संप-मोर्चे झाले. पण दोन्ही बाजू नोकरीतून काय मिळेल एवढंच मोजतात. त्या नोकरीत आपल्याकडून काय मागितलं जाईल, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू झालं तेच सरकारी कामासाठी. रुडकीचं कॉलेज 1847 चं. पुण्यात 1854 मध्ये सार्वजनिक कामांवर हाताखालची माणसं तयार करायला एक इंजिनिअरिंग वर्ग निघाला. आजचं सीओईपी त्यातूनच वाढलं. साम्राज्याला नकाशाबरहुकूम काम करून घेणारे ओव्हरसियर हवे होते. पुण्याच्या त्याच संस्थेतून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. सुरुवातीच्या कामांत धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन होता. पुढे 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडत, उतरलं की मिटत. त्यामुळे धरणाच्या भिंतीला हात न लावता साठा वाढवता आला.

दरवाज्यांची गोष्ट दर 15 सप्टेंबरला, अभियंता दिनाच्या भाषणांत हमखास येते. नीरा कालव्यावर त्यांनी 1899 च्या सुमारास आणलेल्या ब्लॉक पद्धतीबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. कालव्याचं पाणी मोजकंच. ज्याला मिळेल त्याने भरमसाट उपसावं आणि बाकीच्यांनी कोरडं राहावं, त्याऐवजी जमिनीचे गट पाडून, पीक फिरतं ठेवून पाणी बांधून द्यायचं, ही ती कल्पना. यात यंत्र कुठलंच नव्हतं. माती किती पाणी पिते हे कळणारा आणि त्यावरून वाटपाचा नियम बदलण्याच्या जागी बसलेला माणूस एकच होता, म्हणून हे जमलं. असे प्रश्न बाजारात कुणी विकत घेत नाही. एका तालुक्याचं पाणी किंवा एका घाटातली दरड पंचविशीतल्या माणसाच्या टेबलावर येते ती सरकारी खात्यातच. हे तिथलं खरं आकर्षण आहे, आणि जाहिरातीतल्या वेतनश्रेणीत ते दिसत नाही.

पण प्रश्न टेबलावर येणं आणि त्याचं उत्तर आपल्या बुद्धीने देता येणं यांत अंतर असतं. सरकारी कामाला मुख्यतः दोन मान्यता लागतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम आपल्याला हवं आहे आणि एवढा खर्च करायची तयारी आहे. तांत्रिक मान्यता म्हणजे रचना शास्त्राला धरून आहे आणि अंदाजपत्रकातले आकडे बरोबर आहेत. पहिली देणारे लोकांना काय हवं ते ठरवतात. दुसरी फक्त अभियंता देऊ शकतो. हे दोन अधिकार वेगळे ठेवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार: काम हवंसं असल्याने ते शक्य होत नाही, आणि हे सांगणारा कुणीतरी यंत्रणेच्या आतच बसलेला असावा लागतो.

प्रत्यक्षात भूमिपूजनाची तारीख आधी ठरते. जमीन ताब्यात आलेली नसते, पायाची तपासणी अर्धवट असते, आणि अंदाजपत्रक ‘करून आणा’ असा निरोप येतो. मग काम रखडतं, खर्च वाढतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव जातो. खात्यात तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. हे फुगणं राज्यासमोर उघडं पडलं ते 2012 मध्ये. नाशिकच्या ‘मेटा’ या प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल थेट राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना लिहिलं. त्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या विशेष पथकाचे प्रमुख होते माधवराव चितळे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातच त्यांची कारकीर्द सुरू झाली होती आणि 1993 चा स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला होता. म्हणजे तक्रार करणारा खात्यातला आणि तपासणाराही खात्याच्याच मुशीतला. खातं पूर्ण किडलेलं असतं तर ही दोन्ही माणसं तिथे घडलीच नसती.

पांढरे यांनी लिहिलं तेव्हा ते मुख्य अभियंता होते. सत्येंद्र दुबे वरिष्ठ नव्हते. आयआयटी कानपूरचा हा स्थापत्य पदवीधर भारतीय अभियांत्रिकी सेवेतून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या कामावर बिहारमध्ये गेला. सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यावरच्या गैरव्यवहाराबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर देशभर झालेल्या संतापातून तक्रारदारांच्या संरक्षणाची व्यवस्था आली आणि 2014 मध्ये कायदाही झाला. सरकारी अभियंत्यांच्या सचोटीबद्दल बोलताना हे नाव हटकून घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. पण ते सांगण्यात एक धोका आहे. सचोटी म्हणजे हौतात्म्य असं एकदा ठरलं की साध्या माणसाला ती आपल्या आवाक्याबाहेरची वाटू लागते आणि तो सुटकेचा निःश्वास टाकतो.

खरं तर सचोटीचं रोजचं रूप फार किरकोळ दिसतं. डांबरी थर 50 मिमीचा हवा होता आणि भरला 40. तर एमबीत 40 लिहायचं. एवढंच. त्यात कुणाला चोर म्हटलेलं नाही, वर्तमानपत्राला काही दिलेलं नाही. एक आकडा लिहिलाय आणि त्या आकड्याप्रमाणे बिल निघेल. यालाही किंमत पडतेच: फोन येतात, बदली होते, सहकारी ‘नवा आहे, शिकेल’ म्हणून हसतात. तरी इथे नियम अभियंत्याच्या बाजूने उभा असतो, कारण पुस्तिका त्याची आहे आणि सही त्याची आहे. शंभर शाखांत शंभर जणांनी खरे आकडे लिहिले तर कुणा मुख्य अभियंत्याला निवृत्तीच्या उंबरठ्यावर राज्यपालांना पत्र लिहायची वेळ येणार नाही. साधा नकार जिथे रोजच्या कामाचा भाग होतो, तिथे वीर लागत नाहीत.

मात्र खरा आकडा लिहायला मन साफ असून भागत नाही, पाहता यावं लागतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. पण पुलाची तपासणी म्हणजे काय, हे इथे थांबून पाहावं. पुरात पाण्याच्या वेगाने खांबाच्या बुडाशी माती खरवडली जाते आणि खोल खड्डा पडतो. पूर ओसरताना गाळ बसून तोच खड्डा भरतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभं राहून पाहणाऱ्याला तळ सपाट आणि सुरक्षित दिसतो. ज्याला ही क्रिया ठाऊक आहे तो पाया किती खोल गेलाय याचा जुना कागद शोधतो, पुराची पातळी विचारतो, भरलेली माती सैल आहे का ते पाहतो. ज्याला ती ठाऊक नाही तो ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा प्रामाणिकपणेच लिहितो. त्याचा प्रामाणिकपणा पुलाच्या काही कामाचा नाही.

आणि हे ज्ञान खात्यातून झिरपून बाहेर चाललंय, ही आजची खरी काळजी. एकेकाळी धरणांची रचना खात्याचे अभियंते स्वतः करत. नाशिकची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आणि 1959 ची ‘मेरी’ ही संशोधन संस्था त्याच काळातल्या आत्मविश्वासाच्या खुणा. आता सर्वेक्षण सल्लागाराकडे, रचना दुसऱ्या सल्लागाराकडे, देखरेख प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराकडे (पीएमसी) आणि गुणवत्ता तपासणी त्रयस्थ संस्थेकडे जाते. बाहेरचं कौशल्य वापरण्यात गैर काही नाही. मेट्रोचा भुयारी बोगदा प्रत्येक खात्याला स्वतः खणता येणार नाही. पण ज्याने स्वतः एकही तुळई आखलेली नाही तो दुसऱ्याने आखलेली तुळई तपासणार कशी? त्याच्या हातात उरतं ते पत्र पुढे पाठवणं. मग अभियांत्रिकी पदवी घेतलेला माणूस पाचेक वर्षांत कारकुनी करू लागतो आणि ‘डोकं गंजतं’ हा मित्रांचा टोमणा खरा ठरतो. संगणक क्षेत्रातही हेच आहे. खात्यासाठी सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी लिहील. ते स्वीकारायचं की परत पाठवायचं हे ठरवणारा माणूस सरकारचा हवा आणि त्याला कोड वाचता यायला हवा. स्वीकारचाचणीचा अहवाल ही त्या जगातली एमबीच.

अशी माणसं घडवायची तर सुरुवात भरतीपासून करावी लागेल. आज पदवीधर पुण्यात नव्या पेठेच्या आसपास एखाद्या अभ्यासिकेत टेबल भाड्याने घेतो आणि ऐन उमेदीची वर्षं बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यात घालवतो. जाहिरात कधी निघेल, निकाल कोर्टात अडकेल का, नियुक्तीपत्र कधी येईल, काहीच त्याच्या हातात नसतं. शिकलेलं विसरत आणि पाठ केलेलं साठवत तो साइटवर पोचतो, तोवर उत्साहाचा बराच भाग खर्ची पडलेला असतो. एक वेगळा रस्ताही सरकारनेच दाखवलेला आहे. होमी भाभांच्या पुढाकाराने तुर्भ्याला 1957 मध्ये अणुशक्ती खात्याचं प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. ताजे पदवीधर निवडायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन कसून शिकवायचं आणि मग शास्त्रीय अधिकारी म्हणून कामाला लावायचं, ही पद्धत अजून चालू आहे. अणुभट्टीसाठी माणूस तयार करावा लागतो हे आपल्याला पटतं. रोज हजारो लोक ज्यावरून जातात त्या पुलासाठीही तो तयार करावा लागतो, हे पटायला काय हरकत आहे? ‘मेटा’सारखी संस्था राज्याकडे आहेच. प्रत्येक नव्या अभियंत्याने पहिलं वर्ष जाणत्या माणसाच्या हाताखाली, निम्मं रचना कार्यालयात आणि निम्मं साइटवर काढावं, आणि त्याआधी त्याला एकट्याने सही करायला लावू नये, एवढं ठरवायला फार मोठ्या समितीची गरज नाही.

तोवर निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. ज्याला आपण केलेलं काम पटकन दिसावं आणि त्याचं श्रेय नावानिशी मिळावं असं वाटतं, त्याने खुशाल खाजगी क्षेत्रात जावं; तिथेही उत्तम अभियांत्रिकी होते. सरकारी नोकरीत बरीचशी मेहनत काही बिघडू न देण्यात जाते, आणि न कोसळलेल्या पुलाचं कौतुक कुणी करत नाही. हे चालणार असेल तर रुजू झाल्यावर पहिल्या पोस्टिंगमध्ये घराजवळचं गाव मागण्यापेक्षा जिथे पाया खोदला जातोय अशी जागा मागावी, सल्लागाराने केलेली आकडेमोड एकदा तरी स्वतःच्या वहीत पुन्हा करून पाहावी, आणि न कळलेल्या गोष्टीवर सही करायला मुदत मागावी. सरकारला बांधून देणारे निविदा काढून मिळतात. बांधलेलं बरोबर आहे की नाही हे सांगणारे निविदेने मिळत नाहीत. ते पगारावर ठेवून, शिकवून आणि त्यांचा नकार सहन करूनच तयार होतात.