मांजर आधी, उंदीर मागे

घाई नको. आज इंग्रजीचे एकच वाक्य वाचायचे आहे, तेही पाच शब्दांचे: द कॅट कॉट द माऊस. एकदा मोठ्याने म्हणा. अर्थ लगेच कळला असेल. तो बाजूला ठेवा आणि पुन्हा म्हणा. या खेपेला एवढेच पाहा, की मांजरीने पकडले, उंदराने नव्हे, हे तुम्हाला कशावरून कळले.

कॅट या शब्दाला काही चिकटले आहे का? नाही. माऊसला? तिथेही नाही. दोन्ही नामे शब्दकोशात असतात तशीच वाक्यात उभी आहेत. आता आपले वाक्य म्हणा: मांजरीने उंदीर पकडला. ‘ने’ कानावर पडला की पकडणारी कोण ते ठरून गेले. मग शब्द कसेही फिरवा. उंदीर मांजरीने पकडला. पकडला मांजरीने उंदीर. पकडला उंदीर, मांजरीने. बोलण्याचा रोख बदलेल, जोर इकडचा तिकडे जाईल, पण उंदराची सुटका काही होणार नाही.

तीच मोकळीक इंग्रजीत घेऊन पाहा. द माऊस कॉट द कॅट. एकही अक्षर बदलले नाही, नुसती अदलाबदल झाली, आणि उंदराने मांजर पकडली. इंग्रजीला त्याचे जराही नवल वाटत नाही. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी उभा तो कर्ता, मागे उभे ते कर्म. आपल्याकडे जे काम प्रत्यय करतो, ते तिथे जागा करते. हे वाक्य दोन्ही बाजूंनी सावकाश म्हणा, आधी मांजर पुढे ठेवून, मग उंदीर. जागा बदलताच अर्थ कसा उलटतो ते कानाला जाणवू द्या. नियम पाठ करण्याआधी हे जाणवलेले बरे.

आता क्रियापदाकडे वळू. ‘पकडला’ हा पुल्लिंगी का? पकडणारी तर मांजर. उंदराच्या जागी घूस आणून पाहा: मांजरीने घूस पकडली. पिल्लू आणा: मांजरीने पिल्लू पकडले. क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ते कर्माच्या मागे चालले आहे. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणत, आणि पाच गुणांच्या प्रश्नापुरते ते लक्षात ठेवून आपण विसरलो. पण बोलताना कोणी चुकतो का? चार वर्षांचे मूलही घूस ‘पकडला’ असे सहसा म्हणत नाही. इंग्रजीत मात्र उंदीर असो, घूस असो, एक असो की दहा, ‘कॉट’ जागचा हलत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडले मरे यांच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पण घूस ‘पकडली’ का, याचे उत्तर त्या नमुन्यात मिळण्यासारखे नव्हते. ते मराठीतच शोधावे लागणार होते.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती, हेही थोडे मनात घोळवू. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि नामाआधीचा ‘द’सुद्धा लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे रूप बदलत असे. त्यामुळे शब्दांना आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळीक होती. पुढे हे प्रत्यय झिजले. इंग्रजी शब्दाचा आघात बहुधा सुरुवातीला पडायचा, त्यामुळे शेवटची अक्षरे बोलताना पुसट होत गेली. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले होते. त्यांची भाषा इंग्रजीची जवळची नातलग, शब्द ओळखीचे पण शेवट वेगळे, आणि अशा शेजारात शेवट गाळून बोलणेच सोयीचे पडले असावे. 1066 मध्ये नॉर्मन आले, दरबार आणि दप्तर फ्रेंच व लॅटिनकडे गेले, आणि जुनी रूपे लिहून जपणारे फारसे उरले नाहीत. प्रत्यय गेले तसतसे शब्दांचे हलणे बंद झाले.

पूर्ण गेले म्हणावे तर तसेही नाही. ही आणि हिम, शी आणि हर, दे आणि देम या सर्वनामांच्या जोड्यांत ती जुनी विभक्ती अजून शिल्लक आहे. ‘शी वॉक्स’मधला शेवटचा ‘स’ हाही असाच उरलेला. एके काळी क्रियापद जवळजवळ प्रत्येक पुरुषाला वेगळे वळत असे, आता वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला तेवढा हा एक शेवट राहिला आहे. मुले तो विसरतात आणि शिक्षक लाल शाईने तो लावतात.

आता एक वेगळा शब्द घ्या: ‘आलो’. दारातून कोणी एवढेच म्हणाले तरी कळते की बोलणारा स्वतः आला आहे, आणि बहुधा पुरुष आहे. ‘आले’ म्हटले तर बाई. कर्ता क्रियापदाच्या पोटातच आहे. इंग्रजी ‘केम’ म्हणून पाहा. कोण आले? मी, तू, ती, ते सगळे? शब्द काही सांगत नाही. म्हणून ‘आय केम’ म्हणणे भाग आहे. मराठी माणूस इंग्रजी बोलताना हा ‘आय’ कधी गाळतो, आणि मराठी लिहिताना इंग्रजी अंगात भिनलेला माणूस दर वाक्याला ‘मी’ लावतो. दोन्ही कानाला खटकते, दुसरे मला जास्त.

कर्त्याची ही जागा रिकामी राहू द्यायची नाही, ही इंग्रजीची सवय इतकी मुरली की खरा कर्ता नसला तरी तिथे कोणाला तरी उभे करावे लागते. पाऊस पडतोय, आपण म्हणतो. पडणारा पाऊसच आहे, दुसरे कोणी नको. इंग्रजी म्हणते, इट इज रेनिंग. हे ‘इट’ कोण? खिडकीबाहेर शोधून सापडणार नाही. जागा भरायला ते आले आहे, एवढेच. आज्ञा देताना तेवढा कर्ता सुटतो: कम, सिट, गो. तिथे ऐकणारा समोरच असतो.

पुन्हा आपल्या मांजरीकडे येऊ. प्रश्न विचारा: मांजरीने उंदीर पकडला का? एक ‘का’ आला, बाकी सारे जिथल्या तिथे. नुसता सूर चढवला तरी भागते. इंग्रजीत: डिड द कॅट कॅच द माऊस? हळू वाचा. ‘कॉट’ कुठे गेला? ‘डिड’ पुढे आला आणि भूतकाळ आपल्याकडे घेतला, म्हणून क्रियापद मूळ रूपाला, ‘कॅच’ला, परतले. काळ एकदाच सांगायचा, तोही पहिल्या क्रियापदाने. नकारातही तेच होते: द कॅट डिड नॉट कॅच द माऊस. आपली मुले ‘डिड नॉट कॉट’ लिहितात, कारण त्यांना दोन वेगळे नियम शिकवले जातात आणि दोन्हींतली ही एक गोष्ट कोणी दाखवत नाही. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत हा ‘डू’ पुरता बसलाही नव्हता. त्याच्या नाटकांत प्रश्न दोन्ही तऱ्हांनी विचारलेले सापडतात, ‘डू’ घेऊन आणि क्रियापदच उचलून पुढे आणून.

सर्वात सावकाश करायची गोष्ट आता. हे वाक्य मनात धरा: काल रात्री स्वयंपाकघरात टेबलाखाली मांजरीने उंदीर पकडला. कधी, कुठे, नेमके कुठे, कोणी, काय, आणि सर्वांत शेवटी कृती. मराठी ऐकणारा हा सगळा ऐवज हातात धरून क्रियापदाची वाट पाहत बसतो. आता इंग्रजी: द कॅट कॉट द माऊस अंडर द टेबल इन द किचन लास्ट नाइट. मांजर, झडप, उंदीर, हे पहिल्या पाच शब्दांतच उरकले. मग टेबल, मग स्वयंपाकघर, मग रात्र. आपल्या वाक्याची शेपटी त्यांच्या तोंडाशी आहे. आणखी जवळून पाहा: टेबलाखाली, अंडर द टेबल. आपले ‘खाली’ नामाच्या मागे, त्यांचे ‘अंडर’ पुढे. उंदीर पकडणारी मांजर, द कॅट दॅट कॉट द माऊस. आपले वर्णन आधी, त्यांचे नंतर. शब्द सगळे येत असूनही इंग्रजी बोलताना जीभ अडखळते ती इथे. मनात वाक्य एका टोकाकडून जुळत असते आणि तोंडाला ते दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचे असते. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर (ही दादोबांची नव्हे, दुसऱ्या तर्खडकरांची) आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, तो सराव मुख्यतः हाच होता, वाक्य एका भाषेतून दुसरीत नेऊन त्याची मांडणी पालटण्याचा.

बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावून इंग्रजी सुरू करणे मला म्हणूनच पटत नाही. त्या बारांपैकी क्रियापद स्वतः रूप बदलून दोनच काळ दाखवते, वर्तमान आणि भूत. बाकीचे विल, हॅव, बी या साहाय्यक शब्दांच्या आधाराने उभे आहेत. मुलांना आधी कर्त्याची जागा दाखवावी, मग क्रियापदाची, आणि त्या दोघांमध्ये किती शब्द घुसू शकतात तेही. तक्ता थांबू शकतो.

उद्या इंग्रजी वर्तमानपत्र हातात आले तर पहिल्या बातमीचे पहिलेच वाक्य घ्या. लांबलचक असेल. अवघड शब्दांशी झटू नका. क्रियापद शोधा, मग त्याच्या आधी उभा असलेला त्याचा धनी शोधा. त्याआधी हाताशी म्हणून हे एक वाक्य: द माऊस द कॅट कॉट हॅड अ शॉर्ट टेल. यात दोन क्रियापदे आहेत. कॉट कोणाचे आणि हॅड कोणाचे, ते बोट ठेवून सांगता आले की तक्त्याकडे खुशाल वळा.